प्रश्न क्रमांक नऊ

नववा प्रश्न सोपा होता.
मूल कशावर वाचतं : छापील, पडद्यावर, दोन्ही, यापैकी नाही.
चार चौकोन, एक खूण.
फॉर्ममागे बावीस रुपये, पेन आपलं आपण आणायचं.

धानोरीत सातव्या मजल्यावर
शर्विलच्या आईनं टॅब्लेट पुसून दाखवला.
दोनशे चाळीस पुस्तकं आहेत,
आणि एकावरही धूळ नाही, म्हणाली.
शर्विल म्हणाला, सगळ्यांचं पहिलं पान वाचलंय.
मी खूण केली. किती वाचतो, हा प्रश्न अकरावा,
आणि तो पालकांसाठी होता.

ताडीवाला रोडला सुहानी अडागळे उंबऱ्यातच बसलेली,
वडील जेवत होते तेवढा वेळ फोन तिचा.
ते घरोघर जेवण पोचवतात.
गोष्टीतली राजकन्या दोराला धरून विहिरीत उतरते
तोच पडद्यावर वरून ऑर्डर पडते :
कोंढवा, दोन बिर्याणी, रायता जास्त.
वडील हात धुतात, फोन घेतात, जातात.
मंगळवारपासून राजकन्या विहिरीतच आहे, सुहानी म्हणाली,
आणि पाणी किती खोल ते मला माहीत नाही.
मी तिच्याही फॉर्मवर 'पडद्यावर' हीच खूण केली.
शर्विलची आणि तिची खूण
आता एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसतील.

घोरपडी पेठेतल्या अल्फियाकडं एकच पुस्तक,
कव्हरला बिस्किटाच्या पुड्याचा चकचकीत कागद.
बांधणाऱ्याच्या हातून एक फर्मा राहून गेला,
बत्तिसानंतर थेट एकोणपन्नास.
म्हणून अर्ध्या किमतीत मिळालं.
मधलं मीच केलंय, ती म्हणाली,
तीनदा, तिन्ही वेळा वेगळं.
धाकट्या भावाला दुसरं पटलंय,
त्यात जहाज बुडत नाही.
पुढं एकोणपन्नासाव्या पानावर सगळे ओले असतात,
तेव्हा तो म्हणतो, पाऊस आला असेल.

हे कुठं लिहायचं?
'शेरा' नावाची जागा होती, दीड बोट रुंद.
मी लिहिलं : पुस्तक अपूर्ण.

खरं सांगायचं तर मी ठरवूनच निघाले होते.
कागद बरा, पडदा वाईट,
मुलं बिघडली, वगैरे.
मी स्वतः वर्षभरात या फॉर्मांशिवाय
काही वाचलेलं नाही, हे कुणी विचारलं नाही.

मग दांडेकर पुलाजवळ ओजस भेटला.
नऊ वर्षांचा, काचा इतक्या जाड
की त्याचे डोळे दुरून कुणीतरी पाठवल्यासारखे दिसत.
छापील पुस्तक त्यानं नाकाला लावून दाखवलं :
वास येतो, अक्षर येत नाही.
मग आईचा जुना फोन घेतला,
दोन बोटांनी अक्षरं ताणली, ताणली,
पडद्यात एकच शब्द मावेपर्यंत.
असं वाचतोस?
असंच. पुढचा कुठला, ते कुणालाच माहीत नसतं.
'मागे' आला. त्यानं सरकवलं.
'वळून' आला. सरकवलं.
'पाहिलं' आला. सरकवलं.
'तर' आला
आणि त्यानं फोन पालथा घातला.
थांबा जरा, म्हणाला,
आधी पाणी पिऊन येतो.

स्वयंपाकघरात पेल्याचा आवाज.
मी आणि पालथा फोन.
पंचावन्न घरं झाली होती, पाच उरली होती,
आणि मला त्या 'तर'च्या पलीकडं काय आहे
ते कळल्याशिवाय उठवेना.

उठले मात्र. बावीस रुपये बावीस रुपये असतात.

परतीच्या बसमध्ये, स्वारगेटच्या अलीकडं,
ऑफिसचा मेसेज आला.
मी सहज दोन बोटं ठेवली, ताणत गेले,
'मॅडम' एवढंच उरलं.
स्वल्पविरामही बाहेर गेला.

बस सिग्नलला उभी.
शेजारची बाई खिडकी लावू का, विचारतेय.
बोट काचेवर आहे,
अजून सरकवलेलं नाही.